डलिचच्या भिंतीवरचा चिलखतवाला व्हाइसरॉय

टेम्सकाठी

लंडनला येणाऱ्या पाहुण्यांची यात्रा ठरलेली असते. टॉवर, कोहिनूर, ब्रिटिश म्युझियम, मादाम तुसाँ, आणि मग वेंब्लीला जेवण. डलिच पिक्चर गॅलरीचं नाव त्यात कधीच नसतं. बरंच आहे म्हणा, एका चित्रासमोर हवा तेवढा वेळ उभं राहिलं तरी पाठीमागून कोणी ढकलत नाही.

ही गॅलरी उभी राहिली त्याची गोष्टही गमतीची आहे. १७९० मध्ये पोलंडचा राजा स्तानिस्वाव ऑगस्ट याने लंडनमधल्या देझाँफाँ आणि बुर्ज्वा या दोघा चित्रव्यापाऱ्यांना आपल्या देशासाठी चित्रं जमवायला सांगितलं. ते पाच वर्षं खरेदी करत राहिले. तोवर रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड वाटून खाल्लं. राजाची गादी गेली, चित्रं या दोघांच्या गळ्यात पडली. शेवटी बुर्ज्वाने १८११ मध्ये मृत्युपत्र करून सगळा संग्रह डलिचमधल्या शाळेला दिला. सर जॉन सोनने त्यासाठी इमारत बांधली आणि १८१७ मध्ये ती लोकांना खुली झाली. छतातून येणारा उजेड ही तिची खासियत. दोघे दाते तिथेच, गॅलरीला लागून असलेल्या थडग्यात आहेत.

मला बोलायचंय ते तिथल्या एका चित्राबद्दल. अँथनी व्हॅन डाइकने १६२४ मध्ये सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात रंगवलेला एमानुएले फिलिबेर्तो, साव्हॉय या इटलीकडच्या राजघराण्याचा राजपुत्र आणि स्पेनच्या राजाचा सिसिलीतला व्हाइसरॉय. सव्वा मीटर उंच, मीटरभर रुंद तैलचित्र. अंगात काळं-सोनेरी चिलखत, गळ्याशी आणि मनगटांशी पांढरी लेस. आईकडून तो स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा नातू. वय छत्तीस. स्पेनच्या आरमाराचा प्रमुख. चित्रकार जेमतेम पंचविशीचा, अँटवर्पहून इटलीत आलेला, या व्हाइसरॉयच्याच बोलावण्यावरून सिसिलीत उतरलेला.

आता त्या उन्हाळ्याच्या तारखा बघा. मे महिन्यात ट्युनिसहून आलेल्या जहाजाबरोबर पालेर्मोत प्लेग शिरला. १२ जुलैला व्हॅन डाइक सोफोनिस्बा आंग्विसोला या वृद्ध चित्रकर्तीला भेटला. १५ जुलैला गावामागच्या डोंगरातल्या गुहेत संत रोझालियाच्या अस्थी सापडल्या. ३ ऑगस्टला व्हाइसरॉय प्लेगने मेला.

चित्रात यातलं काहीही दिसत नाही. हे मला दर वेळी खटकतं आणि त्यासाठीच मी दर वेळी त्याच्यासमोर जातो. पोलाद चकाकतंय, लेस परीटघडीची आहे, माणूस आपल्याकडे असा बघतोय की शहरात सगळं आलबेल असावं.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. १६२४ मध्ये, बंदुकांच्या काळात, असलं चिलखत कोणी खरंच वापरत होतं का? आणि पोलादावर लेस कशासाठी? दोन्हींचं एकमेकांशी काय नातं?

तिरकस

आरमाराचा प्रमुख आणि अंगात लोखंड. गलबतावरून पाय घसरला असता तर प्लेगची वाट बघावी लागली नसती.

लोहारकाम

तिरकसराव, हसलो. पण गलबतांच्या लढायांत चिलखतं घालत असत. भूमध्य समुद्रातली वल्ह्यांची गलबतं एकमेकांना भिडायची आणि मग डेकवर हातघाई व्हायची. लेपांतोच्या आरमारी लढाईत, १५७१ मध्ये, अधिकारी छातीचं कवच घालूनच होते.

तरी हे चिलखत त्या कामाचं नाही. आणि टेम्सकाठी, तुम्ही सगळ्यात मोठी गोष्ट लिहिलीच नाहीत: हे चिलखत आजही आहे. माद्रिदच्या राजवाड्यातल्या शाही शस्त्रागारात. मिलानच्या कारागिरांचं काम. म्हणजे चित्रकाराने मनाने काही रंगवलेलं नाही, व्हाइसरॉयचं स्वतःचं चिलखत समोर ठेवून रंगवलंय. चित्र आणि चित्रातली वस्तू दोन्ही चारशे वर्षं टिकावीत असं फार क्वचित होतं.

मी धातूतला माणूस आहे, म्हणून मला त्यातली कारागिरी दिसते. पोलाद तापवलं की रंग बदलत जातात: आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशे अंशांच्या आसपास गडद निळा. बरोबर क्षणी काढून गार केलं की तो रंग पृष्ठभागावर टिकतो. कारागिराकडे थर्मामीटर नव्हता, डोळा हेच मापन. सोन्याचं काम पाऱ्याने व्हायचं. सोनं पाऱ्यात मिसळून त्याचा लगदा पोलादावर फासायचा आणि तापवायचा, पारा उडून जातो, सोनं बसतं. तो पारा कारागिराच्या छातीत जायचा. आपल्याकडच्या मुलामा देणाऱ्यांचंही तेच व्हायचं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. अंगभर चिलखत साधारण वीस ते पंचवीस किलोचं. माप घेऊन बनवलेलं असल्याने ओझं सगळ्या अंगावर वाटलं जायचं, माणूस त्यात घोड्यावर चढू शकायचा. सिनेमात दाखवतात तशी दोरखंडाने उचलून बसवायची वेळ येत नसे. बंदूक आल्यावर छातीचा पत्रा जाड करावा लागला. विकण्याआधी त्यावर गोळी झाडून बघत आणि तो पोचा मुद्दाम तसाच ठेवत, गिऱ्हाइकाला खात्री म्हणून. जाड पत्रा म्हणजे वजन वाढलं, मग पायांचे भाग गळाले, मग हातांचे. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८ ते १६४८) घोडदळातले काहीजण गुडघ्यापर्यंतचं चिलखत घालत होते, पण ते काळं, ओबडधोबड, कामापुरतं. सोन्याच्या नक्षीचं चिलखत घालून गोळीसमोर जाणं म्हणजे पैठणी नेसून चुलीपुढे बसण्यासारखं. ते मिरवणुकीचं, दरबाराचं आणि चित्राचं.

अण्णा_निपाणी

लोहारकाम, छान लिहिलंत. थोडी आपल्याकडची तारीख जोडतो. त्याच १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र धुव्वा उडवला. शहाजीराजे त्यात होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. मलिक अंबरने तलाव फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, हे शाळेत वाचलेलं आठवत असेल. अंगावर जड सरंजाम घेऊन त्या चिखलात काय झालं असतं?

दख्खनच्या लघुचित्रांत सरदार-सुलतान बघा. पारदर्शक मलमलीचा जामा, आतल्या विजारीचा रंग दिसतोय, कमरेला कट्यार, हातात फूल नाहीतर बाजपक्षी. चिलखत घातलेला माणूस बहुतेक लढाईच्याच चित्रात. दरबारी चित्रात ऐश्वर्य दाखवायचं ते कापड आणि मोती यांतून. युरोपात मात्र सरदाराने पोलादात उभं राहायचं. तिथे सरदारकीचा उगमच घोडेस्वाराच्या चाकरीत मानला जाई, म्हणून कारकुनी करणारा सरदारही चित्रापुरता चिलखतात शिरायचा.

सुईदोरा

पोलादावर सगळे बोलले, आता लेसवर मी.

क्रोशाची लेस करणाऱ्यांनी आधी एक समजून घ्या, ती ही नव्हे. त्या काळच्या दोन जाती. एक सुईची. आधी तागाच्या कापडातले धागे काढून चौकटी करायच्या आणि त्या टाक्यांनी भरायच्या, तिला इटलीत रेतिचेला म्हणत. पुढे कापडच काढून टाकलं आणि धागा नुसता हवेत विणायला लागले. दुसरी रिळांची. टणक उशीवर नक्षीचा कागद, त्यावर टाचण्या, आणि दोऱ्याची डझनावारी लाकडी रिळं एकमेकांवरून टाकत जायची. फ्लँडर्स त्यासाठी प्रसिद्ध, म्हणजे व्हॅन डाइकचा मुलूख. आपल्या देशात मिशनरी बायकांनी एकोणिसाव्या शतकात नागरकोइलला ही रिळांची लेस शिकवली, अजून काही हात तिथे ती करतात.

दोरा जवसाच्या झाडाचा. ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याच्याच देठातून तो निघतो. केसाहून बारीक. म्हणून एकेका कॉलरीमागे बाईचे महिनेच्या महिने जायचे आणि मेहनतीचा पैसा तिच्या हातात फार थोडा पडायचा.

आता "पोलादावर लेस कशासाठी?" टेम्सकाठी, ही दोन टोकं नाहीत हो. दोन्ही एकच गोष्ट सांगतात: हा माणूस स्वतः काही धूत नाही, घासत नाही, इस्त्री करत नाही. पोलादाला भूमध्य समुद्राच्या दमट हवेत दोन दिवसांत गंज चढतो, तो काढायला नोकर लागतो. लेस एकदा घातली की मळते, खळ देऊन, आकार देऊन पुन्हा उभी करायला वेगळा नोकर लागतो. चिलखताची कड मानेला घासते, त्यावर लेस ठेवली की आठवड्यात चिंध्या. ती परवडते असं दाखवायचंय. आणि लेस पुरुषांची नव्हे असं आज वाटतं तसं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. उलट बायकांपेक्षा पुरुषांच्या गळ्यात जास्त पैसा होता.

एक आणखी. १६२३ मध्ये स्पेनचा राजा चौथा फिलिप याने उधळपट्टीला आळा घालायला मोठ्या चुणीदार कॉलरींवर बंदी आणली. मग माद्रिदमध्ये गोलीया नावाची साधी, ताठ, बशीसारखी कॉलर आली. त्याचा दरबारी चित्रकार व्हेलास्केझ याने काढलेली फिलिपची चित्रं बघा, गळा अगदी कोरडा. ती बंदी असताना १६२४ मध्ये त्याच राजाचा व्हाइसरॉय लेस लावून उभा कसा?

टेम्सकाठी

सुईदोरा, या उत्तरासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. बंदीबद्दल: ते नियम कास्तीयसाठी, म्हणजे माद्रिद ज्यात येतं त्या स्पेनमधल्या राज्यासाठी होते. सिसिली त्याच राजाची असली तरी वेगळं राज्य होतं, तिचे कायदे वेगळे, तिची संसद वेगळी. आणि माद्रिदमध्ये तरी काय झालं? इंग्लंडचा युवराज चार्ल्स १६२३ मध्ये स्पेनच्या राजकन्येला मागणी घालायला अचानक येऊन थडकला, तेव्हा पाहुण्यासमोर दरबार भिकारडा दिसू नये म्हणून नियम गुंडाळून ठेवले. लग्न काही जमलं नाही.

तिरकस

पाहुणा आला की घरचे नियम बाजूला. चारशे वर्षांत कुठेच काही बदललेलं नाही.

कॅनव्हास

सुईदोरांनी सामाजिक बाजू मांडली, मी रंगाची मांडतो. शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पोलादाला स्वतःचा रंग नसतो. कलाशाळेत पहिल्या वर्षी पितळी तांब्या समोर ठेवतात तो याचसाठी. मुलं पिवळा रंग घेऊन बसतात आणि तांब्या मातीचा दिसायला लागतो. मग मास्तर सांगतात, तांब्यात काय काय दिसतंय ते काढ: खिडकी, मेजावरचं कापड, तू स्वतः. चिलखताचंही तेच. व्हॅन डाइक गडद तपकिरी-काळ्यावर काम करतो, त्यात आजूबाजूचे मंद पडसाद सोडतो आणि अगदी शेवटी मोजक्या जागी जाड सफेद्याचा ठिपका ठेवतो. तो ठिपका नसेल तर सगळं काळं मखमल वाटेल. एक ठिपका जास्त झाला तर पत्र्याचा डबा.

लेसचं गणित नेमकं उलट. नवखा माणूस एकेक भोक रंगवायला जातो आणि कॉलर जाळीच्या खिडकीसारखी दिसते. जाणता माणूस आधी सगळ्या कॉलरीला एक करडा, अर्धपारदर्शक थर देतो, मागचा रंग त्यातून डोकावू देतो, आणि वरून जाड पांढऱ्याचे तुटक फटकारे मारतो. जवळून नुसता गोंधळ. चार पावलं मागे गेलात की टाके मोजता येतील असं वाटतं. टेम्सकाठी, पुढच्या खेपेला नाक चित्राला लावून बघा (पहारेकऱ्याने हाकललं तर माझं नाव सांगू नका).

तैलरंगाशिवाय हे जमत नाही. जवसाच्या तेलातला रंग हळू वाळतो, ओल्यात ओलं मिसळता येतं, पातळ पारदर्शक थरही देता येतो आणि लोण्यासारखा जाडही बसतो. आणि सुईदोरा, योगायोग बघा: कॅनव्हासचं कापड त्याच झाडाच्या धाग्याचं, रंगातलं तेल त्याच झाडाच्या बियांचं, आणि चित्रातली लेसही त्याच झाडाची.

व्हॅन डाइक हे इटलीत शिकला असं म्हणता येईल. रुबेन्स या नामवंत चित्रकाराच्या हाताखाली अँटवर्पला तयार झालाच होता, पण इटलीत त्याने आधीच्या शतकातल्या टिशियन या व्हेनिसच्या चित्रकाराची चित्रं शोधून शोधून बघितली आणि वहीत उतरवली. ती वही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. टिशियनने १५५१ च्या सुमारास या व्हाइसरॉयच्या आजोबांना, दुसऱ्या फिलिपला, असंच चिलखतात उभं केलं होतं, ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्या चित्रातलं चिलखतही माद्रिदच्या शस्त्रागारात शाबूत आहे. म्हणजे नातवाला आजोबांच्या मालिकेत बसवायचं हे चित्रकाराला आणि व्हाइसरॉयला दोघांनाही पक्कं ठाऊक असणार.

नवा_सभासद_पुणे

मी कुठेतरी वाचलं होतं की व्हॅन डाइक फक्त चेहरा काढायचा आणि बाकीचं पोरं रंगवायची. मग लेसचं कौतुक त्याला का?

कॅनव्हास

ते लंडनबद्दल आहे, पंधराएक वर्षांनंतरचं. तेव्हा तो पहिल्या चार्ल्सचा दरबारी चित्रकार होता आणि गिऱ्हाइकांची रांग लागायची. एका माणसाला तासाभराहून जास्त बसवायचा नाही. घड्याळ बघून उठायचा, नमस्कार करायचा, नोकर ब्रश धुवून नवी पॅलेट आणायचा, पुढचा माणूस आत. कपडे मागून स्टुडिओत पाठवायचे, ते मदतनीस रंगवायचे. हातांसाठी पगारी मॉडेल ठेवलेली, त्यामुळे त्या काळातल्या बऱ्याच सरदारांचे हात एकसारखे लांबसडक. पालेर्मोत मात्र तो परक्या गावात होता, असा कारखाना पाठीशी नव्हता. म्हणून मला त्याचा हा काळ जास्त आवडतो.

क्रॉयडनकर

२०१२ मध्ये डलिचलाच या सिसिलीच्या दीड वर्षावर प्रदर्शन भरलं होतं. माद्रिदहून ते चिलखत आणून या चित्राशेजारी उभं केलं होतं. मी गेलो होतो. चित्रात माणूस चिलखतावर मात करतो, कारण चेहऱ्यावर उजेड आहे. प्रत्यक्षात चिलखताला डोकंच नाही, त्यामुळे तुम्ही नुसतं बाहूंची, छातीची, कमरेची मापं घेत राहता. कुणीतरी या एवढ्याशा जागेत राहत होतं हे तेव्हा कळतं. पोरगा तेव्हा लहान होता, त्याने विचारलं होतं, यात लघवी कशी करायची? मला उत्तर देता आलं नव्हतं. लोहारकाम?

लोहारकाम

😄 मांडीचे भाग पट्ट्यांनी बांधलेले असतात आणि मध्ये कापडी विजारच असते. चिरंजीवांना सांगा, सोय होती.

साष्टीकर

धागा उशिरा पाहिला. गोव्याचं नाव अजून कसं निघालं नाही?

१५८० ते १६४० पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता. म्हणजे १६२४ मध्ये पालेर्मोचा व्हाइसरॉय आणि गोव्याचा व्हाइसरॉय एकाच धन्याचे चाकर. गोव्यात तेव्हा फ्रान्सिस्को द गामा होता, वास्कोचा पणतू, दुसऱ्यांदा आलेला. पहिल्या खेपेला त्याने पणजोबांचा पुतळा मांडवीच्या धक्क्यावरच्या कमानीवर बसवला. जुन्या गोव्याला जाताना तुम्ही तिच्याखालून गेला असाल.

आणि चिलखतातली तैलचित्रं बघायला लंडन कशाला? जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची साठच्या आसपास चित्रं आहेत. ही परंपरा १५४७ ची. दीवचा वेढा मोडून आलेला जुआंव द काश्त्रू गोव्यात रोमन विजेत्यासारखा मिरवत शिरला आणि मग त्याने आपल्या आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची पूर्णाकृती चित्रं करवून घेतली. काम सोपवलं गास्पार कोर्रेया या बखरकाराकडे, कारण त्याला रेखाटन येत होतं आणि त्याने ते गव्हर्नर डोळ्यांनी पाहिले होते. त्याच्या हाताखाली रंगवणारा होता इथलाच एक चित्रकार. कोर्रेयाने स्वतः लिहून ठेवलंय. नाव मात्र लिहिलं नाही त्या गोंयकाराचं.

नंतरच्या प्रत्येकाने आपापलं चित्र जोडलं. सुरुवातीचे दाढीवाले पोलादात, पुढचे हळूहळू लेस, केसांचे टोप, भरतकाम यांत. एका ओळीत चालत गेलात तर दोन-अडीच शतकांची फॅशन बघून होते. व्हॅन डाइकची सर अर्थातच नाही. दमट हवेने, वाळवीने आणि त्याहून जास्त दुरुस्ती करणाऱ्यांनी वाट लावली. शतकाशतकाला कोणीतरी वरून रंगवत गेला. काही चित्रं १९५० च्या दशकात लिस्बनला नेली, तिथे क्ष-किरणांखाली थरांखालचे थर दिसले.

आता खरी गंमत. टेम्सकाठींनी प्लेग आणि संतांच्या अस्थींचं लिहिलंय. गोव्याच्या व्हाइसरॉयनेही हेच केलं होतं. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांनी जुवे बेट घेतलं, म्हणजे राजधानीपासून हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः लढायला गेला आणि जीव वाचवून परतला. मग तो बाँ जेझू चर्चमध्ये गेला, संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड संताच्या पायाशी ठेवला. आता गोवा तुम्हीच सांभाळा. चित्रात हातात दिमाखाने धरलेला असतो ना, तो दंड!

अण्णा_निपाणी

साष्टीकर, आणि गोवा सांभाळला कुणी? औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याने. मुघलांची फौज घाट उतरून येतेय म्हटल्यावर राजांना माघारी फिरावं लागलं.

साष्टीकर

अण्णा, बरोबर. पण गोव्यात आजही श्रेय सायबालाच, म्हणजे संत झेवियरला.

भटकी

पालेर्मोतही अगदी हेच आहे. रोझालिया १६२४ च्या आधी बऱ्यापैकी विस्मरणात गेलेली संत होती. अस्थी सापडल्या, पुढच्या वर्षी त्यांची मिरवणूक निघाली, साथ ओसरली आणि ती शहराची मालकीण झाली. आम्ही जुलैत गेलो होतो. १४ च्या रात्री तिचा प्रचंड रथ निघतो. चौकात रथ थांबवून महापौर रथावर चढतात आणि ओरडतात, "पालेर्मो आणि संत रोझालिया यांचा जय!" खालची गर्दी जे काही करते ते लालबागच्या माणसाला समजावून सांगायला नको. गल्लोगल्ली उकडलेल्या गोगलगायी विकतात. मी खाल्ल्या नाहीत, नवऱ्याने खाल्ल्या.

व्हॅन डाइकचं एक मोठं चित्र अजून पालेर्मोतच आहे, सान दोमेनिकोच्या रोझरी प्रार्थनागृहात. काम तिथे मिळालं, पुरं केलं जेनोवाला गेल्यावर. वर जपमाळेची माता, खाली संतांच्या घोळक्यात रोझालिया, आणि पुढे एक मूल नाक दाबून धरतंय. प्लेगचा वास. म्हणजे व्हाइसरॉयच्या चित्रात जे नाही ते इथे आहे.

तिरकस

रोझालियाच्या अस्थींवर पुढे विल्यम बकलंड नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने नजर टाकली आणि सांगितलं, या बकरीच्या आहेत. पुजाऱ्यांनी पेटी झाकून टाकली म्हणे.

आणि ज्याच्या चिलखताचं एवढं कौतुक चाललंय त्याबद्दलही एक. ट्युनिसच्या त्या जहाजावर रोग आहे अशी कुजबूज होती, तरी व्हाइसरॉयने ते बंदरात घेऊ दिलं असं सांगतात. म्हणजे हे एका बेपर्वा अधिकाऱ्याचं भारी कपड्यांतलं चित्र आहे. कला वगैरे ठीक आहे.

टेम्सकाठी

तिरकस, त्या जहाजावर सोडवून आणलेले ख्रिस्ती कैदीही होते असं त्याच गोष्टीत सांगतात. सोडवलेली माणसं बंदराबाहेर कुजत ठेवणं कुठल्या व्हाइसरॉयला जमलं असतं? निर्णय चुकला हे खरं, त्याची किंमत हजारोंनी दिली आणि त्यानेही दिली. पळून जाणं त्याला सहज शक्य होतं, तो गेला नाही. मला चित्रातला माणूस बेपर्वा वाटत नाही. ताठ वाटतो.

कॅनव्हास

दोघांचंही मला पटत नाही. चित्रावरून माणसाचा स्वभाव ओळखायला जाऊ नये, विशेषतः व्हॅन डाइकच्या चित्रावरून. त्याच्याकडे आलेला प्रत्येक जण थोडा उंच, थोडा नाजूक आणि थोडा खानदानी होऊन परत जायचा. ताठपणा चित्रकाराने दिलेला आहे.

त्यापेक्षा सोफोनिस्बाबद्दल बोला ना, टेम्सकाठींनी तिला एका ओळीत संपवलं. ही बाई तरुणपणी माद्रिदच्या दरबारात राणीच्या सोबतीला होती. राणी वारल्यावर तिच्या दोन लहान मुलींचं तिनेच बघितलं. त्यातली धाकटी कातालिना मिकाएला म्हणजे या व्हाइसरॉयची आई! जिला कडेवर घेतलं तिच्या मुलाच्या शहरात ही नव्वदी उलटलेली बाई राहत होती. व्हॅन डाइकने त्या वहीत तिचं रेखाटन केलं आणि भोवती टिपण लिहिलं: नजर गेली आहे, पण स्मरण आणि बुद्धी तल्लख. तिने त्याला सल्लाही दिला. माझं चित्र काढताना उजेड फार वरून घेऊ नकोस, सुरकुत्यांच्या सावल्या मोठ्या पडतील. आयुष्यभर चेहरे रंगवलेल्या बाईचा हा सल्ला मी दर वर्षी वर्गात सांगतो.

सुईदोरा

आणि फोटो काढताना आम्ही ट्यूबलाइटखाली उभ्या राहतो! 🙏 कॅनव्हास, या बाईंवर वेगळा धागा काढाच.

जर्सीची_जाई

रोझालियाची पाचेक चित्रं व्हॅन डाइकने तेव्हा भराभर काढली, त्यातलं एक न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. संग्रहालय सुरू होतानाच, १८७१ मध्ये घेतलेलं, म्हणजे त्यांच्या अगदी पहिल्या खरेदीतलं. खाली पालेर्मोचं बंदर, वर ढगात ती. क्ष-किरणांनी बघितलं तर खाली व्हॅन डाइकने स्वतःचंच चित्र सुरू केलेलं सापडलं. स्वतःवरच संत रंगवली. तेव्हा बंदर बंद होतं, नवा कॅनव्हास मिळायची मारामार असणार. व्हाइसरॉय गेल्यावर लेस-चिलखतवाली गिऱ्हाइकंही आटली असतील, शहराला आता संत हवी होती.

तिरकस

हे मात्र आवडलं. स्वतःला खोडून गिऱ्हाइकाला काय हवं ते काढायचं. माझं टाळ्यांचं खातं इथे उघडा.

नवा_सभासद_पुणे

जूनमध्ये लंडनला येतोय, हे चित्र यादीत टाकलं. डलिचला जायचं कसं? आणि तिथला रेम्ब्रांट चार वेळा चोरीला गेला होता म्हणतात तो तरी जागेवर आहे ना?

टेम्सकाठी

व्हिक्टोरियाहून गाडी धरून वेस्ट डलिचला उतरा, तिथून बागेतून चालत दहा-पंधरा मिनिटं. तिकीट आहे. सोमवारी बंद असतं, रविवारी सकाळी गेलात तर गर्दी कमी. रेम्ब्रांटचा याकोब द हेन चारही वेळा परत आला, एकदा तर सायकलच्या मागे बांधलेला सापडला. आकाराने वहीएवढा आहे, म्हणून उचलायला सोपा. चिलखतवाल्याला तो धोका नाही. आणि येण्याआधी कळवा, चित्रासमोर नाक लावायला मीही येतो.